फुईच्या नावाचं बोट

आक्का,

काल आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, तुझी घागर भरली. तुझ्या सासरी, पुरुषोत्तमनगरजवळच्या घरात, खिडकीखालच्या त्या जागेवर जिथे तू शाळेतून आल्यावर पाय पसरून बसायचीस. तुझ्या सुनेने सगळं नीट केलं. नवी कोरी घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या आणि दोन आंबे. खरबुजाला तू शेवटपर्यंत डांगरच म्हणालीस. दाजींनी सकाळपासून दोन-तीन डांगरं कापून चाखून पाहिली होती. तुझा मनोज वैतागून म्हणाला की बाबा, घागरीवर ठेवायचं आहे, कापायचं नाही. दाजी म्हणाले, "तिले फिक्कं डांगर चालत नही." कापलेल्या फोडी सगळ्यांनी खाल्ल्या. गोड होत्या.

चुलीतल्या विस्तवावर पितरांच्या घासाची आगारी टाकली, धूर खिडकीतून बाहेर गेला. मी जेवलो, थोडा वेळ दाजींजवळ बसलो आणि संध्याकाळच्या गाडीने शहाद्याला परत आलो. स्टँडवर आखाजीची गर्दी होती. माहेरी आलेल्या आणि माहेरी निघालेल्या बायका, पिशव्या, लेकरं. दर वर्षी याच दिवशी मी तुला त्या गर्दीत शोधायचो. काल सवयीने एकदा पाहिलंच.

आज कॉलेजला सुट्टी आहे. माझं ग्रंथालय बंद आहे. म्हणून घरीच टेबलाशी बसून हे लिहितो आहे. तू शिक्षिका म्हणून किती वर्षं काढलीस, कुठल्या पाड्यावर कुठल्या शाळेत, ते तुझ्या शोकसभेत सांगून झालं. माझ्याजवळ आहे ते वेगळंच. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं, आणि त्यात तुझी बाजू बरोबर होती की माझी, हे सांगण्याआधीच तू गेलीस.

भांडण फुयांवरून सुरू झालं. म्हणजे त्याच्याही आधी, सुरतच्या दवाखान्यात.

तुझं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन टाके सुकले होते. पुढच्या उपचारासाठी आपण सुरतला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अर्धं गुजराती अर्धं हिंदी बोलत. तू त्यांच्याशी अहिराणीत बोलायचीस आणि गंमत म्हणजे दोघींचं छान जमायचं. त्यांनी विचारलं की घराण्यात कोणाला कॅन्सर होता का. तू मान ताठ करून आपल्या घराण्याची नावं घ्यायला लागलीस. पणजोबा, ते म्हातारपणाने गेले. आजोबांना शेतात साप चावला. काकांना पक्षाघात. आबा हार्टने, पन्नाशीच्या आत. आई तापाने. क्रमही चुकला नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ मारली. मी फाईल धरून उभा होतो आणि मला तुझा अभिमान वाटला. बाकीचे नातेवाईक अशा प्रश्नाला डोकं खाजवतात.

ती नावं तुला कुठून पाठ होती हे मला माहीत होतं. आखाजीच्या सकाळी आपल्याकडे उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात आणि प्रत्येक बोटाला एका पितराचं नाव घेतात. लहानपणी आबा बोट उमटवायचे आणि आपण दोघं मागून नावं म्हणायचो, पाढे म्हटल्यासारखी. तोच पाढा तू सुरतला म्हटलास.

मग केमो सुरू झाली. शहाद्याहून एसटीने नंदुरबार, तिथून रेल्वेने सुरत. हिवाळ्यात नंदुरबार जवळ आलं की वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांचा खकाणा गाडीत शिरायचा आणि सगळी एसटी खोकायला लागायची. तू तोंडाला पदर लावून हसायचीस, की मला मिरची बंद केली आहे पण वास तरी फुकट मिळतो. परतताना मात्र तू खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचीस, आणि मला हातातल्या पुस्तकाचं पान उलटायची हिंमत होत नसे, आवाजाने तू जागी होशील म्हणून. काही महिन्यांनी स्कॅन झाला. यकृतावरचे डाग होते तिथेच होते, एक थोडा वाढलाही होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध बदलून पाहू. त्यांच्या आवाजात मागच्या वेळचा उत्साह नव्हता, हे आपल्या दोघांनाही कळलं.

त्यानंतर आखाजी आली. तू माझ्याकडे माहेरी आलीस. आबा-आई गेल्यापासून शहाद्यातलं माझं घर हेच तुझं माहेर. तुझ्यासाठी दारातल्या लिंबाला झोका बांधला होता. तू त्याच्यावर बसलीस, पण पाय जमिनीला टेकवूनच, नुसतं हलत राहिलीस. मी उंबरठ्याशी बसलो. आमचा उंबरठा ग्रॅनाइटचा, त्यावर कुंकू धरत नाही, म्हणून बोट पाण्यात बुडवून घ्यावं लागतं. मी पणजोबा, आजोबा, काका करत आबांपर्यंत आलो, आईचं बोट उमटवलं आणि उठायला लागलो.

झोका थांबला. तू म्हणालीस, "नि फुया?"

मला कळलं नाही. फुया म्हणजे आबांच्या दोन बहिणी, थोरली दोंडाईचाकडे दिलेली, धाकटी निझरकडे. मी म्हटलं, त्यांची घागर त्यांच्या सासरी भरत असतील, आपल्याकडे कशी येणार. ते बरोबरच होतं. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या उंबरठ्यावर घेत नाहीत. आपल्याकडे कोणीच घेत नाही.

तू झोक्यावरून उतरलीस. तुझा चेहरा वर्गात गणित चुकलेलं पोर सापडल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"थोरली फुईना पोटमा गोळा व्हता. धाकटीनी पिशवी काढेल व्हती. नि मी त्या बाईले सांगं का घरमा कोनलेच काही नव्हतं." मग जरा थांबून म्हणालीस, "आपन फुईसले मोजंच नही, भाऊ."

त्याच दिवशी मी दोंडाईचाला आतेभावाला फोन लावला. सणाच्या दिवशी असा विषय म्हणून तो आधी बिचकला. मग म्हणाला, धुळ्याला नेलं होतं, आतड्याचाच होता, पण बाहेर सांगायचं नाही असं ठरलं होतं, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. निझरच्या फुईचंही तसंच. गर्भपिशवीचा. घरात 'अंगावर जायचं' एवढंच म्हणायचे. दोघी साठीच्या आत गेल्या. दोघींच्या मयतीला आपण गेलो होतो, आक्का. जेवलो, रडलो, परत आलो. काय झालं होतं हे नीट विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं. त्या दुसऱ्यांच्या घरच्या झाल्या होत्या.

पुढच्या खेपेला तू खुर्चीवर बसायच्या आतच डॉक्टरीणबाईंना सांगितलंस. त्यांनी पेन खाली ठेवलं. "फोईने थयुं हतुं?" आत्यांना झालं होतं का, असं दोनदा विचारलं, दोन्ही फुयांचं वेगवेगळं विचारलं, आणि ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा जो तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो तो मागवून घेतला. त्यावरचा एक तपास राहिला होता.

तो अहवाल आल्यावर त्यांनी जे समजावलं ते मी नंतर ग्रंथालयात बसून पुष्कळ वाचलं, पण त्यांच्याइतकं सोपं कुठेच सापडलं नाही. शरीरात नव्या पेशी तयार होताना चुका होतात, आणि त्या चुका दुरुस्त करणारी माणसं, म्हणजे तशी व्यवस्था, शरीरातच असते. आपल्या घराण्यात त्या व्यवस्थेचा एक भाग जन्मापासून अधू. म्हणून आतड्याचा, पिशवीचा कॅन्सर आपल्याकडे लवकर येतो. पण त्याच कारणाने अशा गाठीत इतक्या चुका साठतात की शरीराच्या राखणदार पेशींना ती परकी दिसते. मग त्या तिला खात का नाहीत? कारण गाठ त्यांना थोपवून धरते. इम्युनोथेरपीचं औषध गाठीला मारत नाही. राखणदारांचा अडवलेला हात मोकळा करतं. आतड्याच्या कॅन्सरच्या बहुतेक रोग्यांच्या गाठीत हा बिघाड नसतो, त्यांना या औषधाचा सहसा उपयोग होत नाही. तुझ्या गाठीत तो होता.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे चोर कुत्राले भाकर टाकस, म्हनीसन कुत्रा भुकत नही. नि हाई इंजेक्शन ती भाकर उचली लेस."

मी भाषांतर केलं. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. पुढे त्या दुसऱ्या रोग्यांना तुझीच भाकरी सांगायच्या, हे तुला कोणीतरी सांगितलं तेव्हा तू लाजलीस.

खर्चाचं मी लिहीत नाही. ते तुझं आणि दाजींचं होतं, आणि तुला त्याची चर्चा आवडत नसे.

मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. ते चांगले दिवस होते, आक्का. सलाईनमधून ते औषध जायचं, तासाभरात आपण मोकळे. केस गेले नाहीत, उलट्या नाहीत. पहिल्या स्कॅनला फारसं काही दिसलं नाही, दुसऱ्याला यकृतावरचे डाग निम्मे झाले होते. तू तो फोटो उलटा धरून बघत होतीस आणि तरी तुला कळलं. मग अंग जड झालं, थंडी वाजायला लागली, आवाज घोगरा झाला. थायरॉईड मंदावली होती. या औषधाने असं होतं, मोकळी सुटलेली ताकद कधी कधी आपल्याच अवयवावर उलटते. तू मला फोनवर सांगितलंस, "कुत्रा जागा व्हयना भाऊ, आते घरनासलेबी चावी ऱ्हायना." रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू झाली. तेवढ्यावर भागलं.

गावात मात्र बातमी पसरली की आक्काला ताकद वाढवायची इंजेक्शनं चालू आहेत. मग काय. कोणी गुळवेल आणली, कोणी कुठलासा काढा, तुझा एक जुना विद्यार्थी धडगावहून कसलीशी मुळी घेऊन आला. तू सगळ्यांकडून प्रेमाने घेतलंस आणि कशालाही हात लावला नाहीस, कारण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की ताकद वाढवायची नाही, वाट मोकळी करायची आहे, काढ्याने यकृत दुखावेल. ती मुळी तेवढी तू ओट्यावर कुंडीत लावलीस. तिला पानं फुटली आहेत. काल पाहिली.

त्याच हिवाळ्यात आपण तोरणमाळला गेलो. घाटाच्या वळणांवर दाजी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते आणि तू त्यांना दरी दाखवत होतीस. वर तलावाकाठी एक पावरा बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती. तू तिच्याशी तिच्या बोलीत दोन वाक्यं बोललीस, ती खुलली, आणि तुम्ही दोघी बराच वेळ कोणाच्या तरी मुलांबद्दल बोलत राहिलात. मला एक शब्द कळला नाही. तुला घरी अहिराणी, वर्गात पुस्तकातली मराठी आणि पाड्यावर पावरी, तिन्ही सारख्याच सहज यायच्या. मला तशी सहज एकच भाषा येते, ती ही, लिहिण्याची.

तिथेच आपलं भांडण झालं. तू सीताफळाच्या बिया हातावर काढत सहज विचारल्यासारखं विचारलंस, मी रक्त तपासायला केव्हा देणार. मनोजने तुझा अहवाल आल्याबरोबर तपासून घेतलं होतं आणि त्याच्यात बिघाड निघाला नव्हता. राहिलो होतो मी, आणि माझ्यामागे माझी लेक पल्लवी. मी म्हटलं की मला काही त्रास नाही.

"तुले काय व्हयेल नही, हाई तुले कोन सांगं? माले तरी कोठे काय व्हयेल व्हतं?"

मी म्हटलं की प्रश्न माझा नाही, पल्लवीचा आहे. तिच्यासाठी दोंडाईचाचं स्थळ आलं होतं, मुलगा तिच्याबरोबरच नाशिकला नोकरीला, दोघांची पसंती. माझ्यात निघालं तर ती विचारणार, तिच्यात निघालं तर त्या घरी सांगावं लागणार. एकदा लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. मी तुला हेही म्हटलं की काही गोष्टी माहीत नसण्याचाही माणसाला हक्क असतो. हे मी वाचलं होतं, आणि माझा त्यावर खरोखर विश्वास होता. अजूनही थोडा आहे.

तू हातावरच्या बिया खाली टाकल्यास. मग म्हणालीस, "तिनं लगीन व्हयनं का तीबी उंबरठाबाहेर. मंग तिले कोन मोजी?"

आणि वातावरण फार गंभीर झालं असं वाटून की काय, म्हणालीस की धल्ला व्हई गया तू, म्हातारा झालास, तरी दवाखान्यातल्या सुईला भितोस. दाजी हसले. मी रागावलो.

पुढची आखाजी आली तेव्हा तू झोक्यावर उभी राहिलीस. उभी राहून झोका घेतलास, आणि शेजारच्या बायका ओरडल्या की आक्का, पडशी. ते चित्र मला त्या औषधाने दिलं. तेवढ्यासाठी मी त्या औषधाचा, डॉक्टरीणबाईंचा, आणि ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशा कुठल्या कुठल्या माणसांचा ऋणी आहे. दोन्ही फुयांचाही. त्यांच्या आजारानेच आपल्याला वाट दाखवली.

दिवाळीनंतर गाठी पुन्हा वाढल्या. औषध तेच, राखणदार तेच, पण गाठीने दुसरा काहीतरी मार्ग काढला होता. डॉक्टरीणबाईंनी ते सरळ सांगितलं आणि तूही सरळ ऐकलंस. तुला विचारावंसं वाटायचं का, की आपण पहिल्याच दिवशी फुयांची नावं घेतली असती तर? मी विचारलं नाही. तू बोलली नाहीस. मी एकदा आडून डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कदाचित काही फरक पडला असता, कदाचित नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. एवढं उत्तर मला पुरेसं आहे असं मी रोज स्वतःला सांगतो, आणि बऱ्याच दिवशी ते पुरतं.

होळीच्या आदल्या आठवड्यात तुला भेटायला आलो. तू खूप बारीक झाली होतीस, पण डोळे तेच. मी उशाशी बसलो. तू माझा हात धरलास.

"मन्हासाठे रडू नको. पोट दखाडी ये."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तू त्याचा काय अर्थ घेतलास हे आता मला कधीच कळणार नाही. भांडण अर्धवट राहिलं म्हणालो ते हे.

तर ऐक. तुझं दहावं-बारावं झाल्यावर मी सुरतला गेलो, एकटा. गाडीत तुझी खिडकी रिकामी मिळाली, तिथे बसलो. पथाऱ्यांवरच्या मिरच्या उचलून झाल्या होत्या, वास मात्र थोडा होता. रक्त दिलं. दुर्बीण घालून आतडं तपासायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी ते पोट साफ करायचं खारट पाणी प्यावं लागतं, तू म्हणायचीस तसंच ते आहे, समुद्रात बुडाल्यासारखं. माझ्या आतड्यात मोड आलेल्या दाण्याएवढे दोन कोंब सापडले. तिथल्या तिथे काढून टाकले. तपासले, कॅन्सर नव्हता. पुढे झाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्ताचा अहवालही आला. तो बिघाड माझ्यात आहे. आता दर वर्षी दुर्बीण.

मी ते पल्लवीला फोनवर सांगणार होतो, पण फोनवर सांगता आलं नाही म्हणून नाशिकला गेलो. ती तुझ्यासारखीच आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे दिवस हे एकटेच घेऊन बसला होता?" दोंडाईचाच्या लोकांकडे मीच गेलो, मीच सांगितलं. मुलाच्या वडिलांनी चहा दिला, विचार करून कळवतो म्हणाले. त्यांचा फोन अजून आलेला नाही. मुलगा पल्लवीशी बोलतो आहे. काय होईल ते माहीत नाही, आणि नवल म्हणजे मला झोप लागते.

पल्लवी आखाजीला घरी आली आहे. काल सकाळी तुझ्याकडे निघण्याआधी मी उंबरठा धुतला. ती कुंकवाची वाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसली. मी पणजोबांपासून सुरुवात केली. आजोबा, काका, आबा, आई. तिथे बोट थांबलं. मग थोरल्या फुईचं नाव घेतलं आणि बोट उमटवलं. धाकट्या फुईचं घेतलं. पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बोट पाण्यात बुडवलं, कुंकू घेतलं आणि तुझं नाव घेतलं.

"फुईचं इथे कसं?" ती हळूच म्हणाली. तू तिची फुई, हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

मी तिला सुरतचं, पाढ्याचं, झोक्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत बसली. कुंकू वाळलं. मग म्हणाली, सोमवारी तुमच्याबरोबर सुरतला येते, रक्त द्यायला.

आज सकाळी फरशी पुसताना ग्रॅनाइटवरची आधीची बोटं निघून गेली. तुमच्या तिघींची राहिली आहेत. पल्लवीने तिथे फडकं फिरवलं नाही. आपन फुईसले मोजं, आक्का.